बर्फावर बसलेल्या लेकीचं पत्र

मिनियापोलिस,
७ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा तो फोटो पाठवला ही चूकच झाली. गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला उलट्या बादलीवर बसलेली लेक बघून आई जेवली नाही म्हणे, दादा सांगत होता. आई, तो फोटो गेल्या जानेवारीतला आहे. तेव्हा बर्फ दीड फूट जाड होता, शेजारच्या आजोबांचा पिकअप ट्रक त्यावर उभा होता. यंदा मी अजून एकदाही बर्फावर बसलेली नाही. शनिवारी गेले आणि तशीच परत आले. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस, म्हणून लिहून पाठवते.

इथे लहान तळी आधी गोठतात, मिनेटोंकासारखा मोठा तलाव मागून. पहिल्या बर्फाला मासा चांगला लागतो, त्यामुळे सगळ्यांचे हात शिवशिवतात आणि अपघातही तेव्हाच होतात. आजोबा पुढे पहार आपटत चालतात, मी दहा पावलं मागून. जोरात घातलेल्या एका घावात पहार आरपार गेली, की आल्या पावली मागे फिरायचं. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर भोक पाडून टेपने मोजायचं. नवा, काचेसारखा स्वच्छ बर्फ चालायला किमान ४ इंच हवा, छोट्या गाडीला ९-१० इंच. पांढरा, वर पडलेला हिम भिजून गोठलेला असेल तर जाडी दुप्पट धरायची. बाबा, तुम्ही विचारलंत ना, चार बोटं पुरतात का? तुमची चार बोटं तीन इंचच भरतात. शनिवारी बर्फाची जाडी नेमकी तेवढीच भरली. शिवाय लव्हाळ्याजवळ आणि ओढा येऊन मिळतो तिथे त्याहून पातळ. मग काय, गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो आणि घरी आलो.

पुढचं बाबा, तुम्ही वाचा, आईला वाचून दाखवू नका. गळ्यात लाकडी मुठीचे दोन टोकदार खिळे दोरीला बांधलेले असतात आणि अंगात लाइफ जॅकेट. पडलंच तर पहिलं मिनिटभर नुसता श्वास ताब्यात आणायचा, कारण थंडीने धाप लागते. त्यानंतर हातपाय नीट चालतात ती साधारण दहाच मिनिटं. आलो त्या दिशेला तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. पाय पोहल्यासारखे मारत खिळे रोवून अंग वर ओढायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. आईने विचारलं तर सांगा, गळ्यात मंगळसूत्रासोबत अजून एक दागिना घालते.

आता आमिष. तांबोशीला तुम्ही जिवंत कोळंबी लावायचात, इथे ब्लूगिल आणि क्रॅपी या तळ्यातल्या छोट्या माशांना मेणपतंगाची पांढरी अळी लावतात, मधमाश्यांच्या पोळ्यात होते ती. फ्रिजमध्ये ठेवली तर गारठून मरू शकते आणि बर्फावर उघडी राहिली तर दगड होते, म्हणून डबी कोटाच्या आतल्या खिशात. (आई, वेगळा कोट आहे.) गरी नखाएवढी. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, मोठ्या घासामागे धावत नाही. म्हणून आमिष लहान लावायचं आणि जेमतेम थरथरवायचं. लहानपणी मी दोरी सारखी उचलायचे तेव्हा तुम्ही ओरडायचात, ते इथे कामाला आलं. वॉलआय हा मोठा मासा मात्र संध्याकाळी, दिवस बुडता बुडता लागतो. त्याला छोटी मासळी लावायची, कधी नुसतं डोकं. उरलेली मासळी तळ्यात सोडायची नाही, कायदाच आहे. नको ते जीव आणि रोग एका पाण्यातून दुसऱ्यात जातात.

दादा म्हणाला, बाबा हल्ली पहाटे एकटेच खाडीवर जातात, जेटीच्या खालच्या शेवाळलेल्या दगडांवर, आणि फोन घरी चार्जिंगला. आमचे आजोबा ७८ वर्षांचे आहेत, पण बर्फावर एकटे पाऊल टाकत नाहीत. दोन शिट्ट्या पाठवते आहे, दोरीसकट. एक बाबांच्या गळ्यात. दुसरी आई, तू ठेव, त्यांनी पहिली घरी विसरली की वाजवायला.

तुमची,
लेक