आबा, तुम्ही माझी शेवटची लढाई खोडलीत त्याबद्दल

आबा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचंय, तिला तसं सांगून ठेवलंय, आणि मधेच तुम्ही "बास झालं कौतुक, चहा टाक" म्हणणार हेही मला माहितीये, तरी पूर्ण ऐका. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पाण्याच्या टाकीचा विषय काढता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी, आणि पोरगं झोपलं की रात्री विज्ञानकथा लिहायचा नाद. आबा आमच्या खालच्या मजल्यावर. आर्मीच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या दलातून, सुभेदार म्हणून रिटायर झालेले, ट्रेनिंग जबलपूरचं, आणि १९७१ ला बावीस वर्षांचे असताना पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला वायरलेस सेटवर ड्युटी. साताऱ्यात कुणी फौजेत होतं म्हटलं की कुणी वळूनही बघत नाही, आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी नावाचं अख्खं गावच आहे, त्यामुळे मीही तीन वर्षं आबांना फक्त जिन्यात "काय आबा, बरंय ना" एवढंच विचारत होते.

मग यंदा दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायला घेतली. दोन ताऱ्यांमधलं युद्ध आणि त्यातली शेवटची लढाई. टाऊ सेटी नावाचा तारा आहे, आपल्या सूर्याच्याच जातीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसतो, अंतर ११.९ प्रकाशवर्षं. तिथे आपली दोनशे यानं जातात, तुंबळ लढाई होते, कॅप्टन बटण दाबतो, सगळं पांढरंफटक होतं आणि पृथ्वीवर फटाके. मला वाटत होतं भारी झालंय. फक्त रेडिओवरचं बोलणं खोटं वाटत होतं, सगळे जण नाटकात बोलल्यासारखे बोलत होते, म्हणून म्हटलं खालच्या आबांना दाखवू, ते दोन-चार शब्द सांगतील.

तुम्ही दोन दिवस भिंग घेऊन वाचलंत आबा. पेन्सिलने खुणा केल्यात. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणालात, "लढाई झकास आहे. पण दोनशे यानांत एकालाही घरची आठवण येईना, एकाचंही पोट बिघडंना. कसली फौज ही?" मी हसले. मग तुम्ही पान सात काढलंत, कॅप्टन तिथून मुख्यालयाला विचारतो की हल्ला करू का आणि मुख्यालय लगेच म्हणतं करा, आणि त्या "लगेच"खाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. "हा मेसेज पोचायला किती वेळ लागला?"

आता मी बीएस्सी फिजिक्स. लाज वाटली. प्रकाशालाच तिकडे जायला ११.९ वर्षं लागतात आणि रेडिओ त्याहून जोरात जात नाही, म्हणजे प्रश्न आज विचारला तर उत्तर मिळायला जवळपास चोवीस वर्षं. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, तरी कथेत कॅप्टनला व्हिडिओ कॉल करून दिला होता. मग सारवासारव म्हणून अंतराळ किती मोठं आहे ते तुम्हाला सांगत बसले, की १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर यान सेकंदाला १७ किलोमीटरने पळतंय तरी सगळ्यात जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील वगैरे, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "एवढ्या लांब असताना मग भांडायला गेलेच कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. कथेतही नाही.

पण त्या दोन रेघांमुळे सगळी कथा उलटली, आणि ती कशी उलटली हे मला इथे नीट लिहायचंय कारण ते श्रेय माझं नाही.

तुम्ही एकाहत्तरच्या १७ डिसेंबरची गोष्ट सांगितलीत. १६ तारखेला दुपारी साडेचारला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, आमच्या पुस्तकात युद्ध तिथेच संपतं, फोटोसकट. पण पश्चिमेकडची शस्त्रसंधी दुसऱ्या दिवशी रात्री आठला लागू होणार होती. तुम्ही म्हणालात, "रेडिओवर ऐकलं आम्ही. उद्या आठला बंद. मग मधले तास होते ना, ते कुणी मोजले?" त्याच १६ तारखेला बसंतर नदीच्या पलीकडे पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शहीद झाले, वय २१, रणगाडा पेटलाय तर सोडा असा हुकूम सेटवरून आलेला असताना त्यांनी नाही म्हणून सांगितलं. ते तुमच्या वायरलेसच्या नेटवर नव्हतं, तुम्हाला नंतर कळलं, हे तुम्ही दोनदा बजावलंत, कारण न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगणं तुम्हाला आवडत नाही. आणि १७ ला पहाटे तिथल्याच जरपाल गावावर परत हल्ला आला. रात्री आठची वेळ जाहीर झालेली असताना. दोन्हीकडची पोरं त्या दिवशीही मेली.

"जिंकल्यावर ओरडला असाल ना?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "झोपलो."

घरी येऊन मी शोधायला बसले आणि रात्रीचे दोन वाजले. पहिलं महायुद्ध, ११ नोव्हेंबर १९१८, सह्या पहाटे पाचच्या सुमाराला झाल्या आणि तोफा थांबायची वेळ ठरली सकाळी अकरा, आणि हेन्री गुंथर नावाचा अमेरिकन शिपाई मेला १० वाजून ५९ मिनिटांनी. त्याच्याही आधी, डिसेंबर १८१४ मध्ये इंग्लंड-अमेरिकेचा तह युरोपात घेंटला लिहून झालेला, पण बातमी जहाजाने जाणार, म्हणून ८ जानेवारीला तिकडे न्यू ऑर्लिन्सला घनघोर लढाई झाली, इंग्रजांची जवळजवळ दोन हजार माणसं मेली, जखमी झाली नाहीतर हरवली, त्यांचा सेनापतीही गेला. (तह पक्का व्हायला अजून मंजुरी लागणार होती हे खरंय, पण मेलेल्याला त्याचं काय.) आणि तो दुसऱ्या महायुद्धातला जपानी सैनिक ओनोदा, फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर मार्च १९७४ पर्यंत लढतच राहिला, शेवटी त्याच्या जुन्या मेजरला तिथे नेऊन तोंडी हुकूम द्यायला लागला तेव्हा थांबला. म्हणजे तुमचं एकाहत्तरचं युद्ध लढून संपलं तरी त्याचं पंचेचाळीसचं चालूच होतं!

मग मी कॅल्क्युलेटर घेतला. यान प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने निघालं तर टाऊ सेटीला पृथ्वीच्या घड्याळाने साधारण १२.०२ वर्षांनी पोचतं. पृथ्वीवरून निघालेला मेसेज ११.९ वर्षांत. फरक फक्त ४४ दिवसांचा. (वेग पकडायला आणि थांबायला लागणारा वेळ मी सोडून दिलाय, ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांनी खुशाल घालाव्यात.) म्हणजे यानं निघाल्यावर ४४ दिवसांच्या आत कुणी "परत या" म्हणालं तरच ते त्यांना लढाईआधी ऐकू येईल. मी तह ठेवला एकसष्टाव्या दिवशी. तो मेसेज बारा वर्षं त्यांच्या मागे धावतो, रोज थोडाथोडा जवळ येतो, आणि सतरा दिवस उशिरा पोचतो. शेवटची लढाई त्या सतरा दिवसांतली. लढाईचं वर्णन आता दीड पान उरलंय, आधी अकरा होती.

कथेची नायिकाही बदलली. कॅप्टन गेला कोपऱ्यात आणि सेटवरची मुक्ता पुढे आली. तो मेसेज पहिल्यांदा तिच्या हातात पडतो. इथे मी अडकले आणि तुम्हाला विचारलं की तिने तो कॅप्टनला द्यावा का, की दाबावा, कारण नुकतीच इतकी माणसं मारून आणि गमावून बसलेल्यांना हे कशाला सांगायचं. तुम्ही जरा रागावलात. "ऑपरेटरला मेसेज दाबायचा हक्क नसतो. द्यायचा. पण द्यायच्या आधी हात किती वेळ थांबला ते लिही." आणि दुसरं सांगितलंत की प्रत्येक मेसेजवर तारीख-वेळ टाकत जा, "वेळ नसलेला मेसेज म्हणजे अफवा." म्हणून माझ्या कथेत मुक्ता मजकूर वाचतच नाही आधी, ती वरची वेळ वाचते, आणि तिला तिथेच सगळं कळतं. बारा वर्षांपूर्वीची वेळ.

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं ते. इथे मला थोडं घाबरायला होतंय.

त्या दिवशी लाइट गेली होती आणि आपण गॅलरीत बसलो होतो, तेव्हा तुम्ही तुमच्या आईंचं सांगितलंत. युद्ध सुरू असतानाच त्या गावी वारल्या. तार निघाली, ५६ एपीओमधून, म्हणजे फौजेच्या टपालातून, फिरत फिरत शस्त्रसंधीनंतर चार दिवसांनी तुमच्या हातात आली, तोवर तेरावा होऊन गेला होता. आणि त्यानंतर, तार आल्यावर, त्यांची दोन इनलँड पत्रं आली. शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घेतलेली, नोव्हेंबरची. एकात लिहिलं होतं की भुईमूग बरा झालाय, पाय दुखतोय, बाकी ठीक, तुला थंडी वाजते का. तुम्ही एवढंच म्हणालात की सिग्नल्सच्या माणसाला मेसेज उलट्या क्रमाने आले. मग लाइट आली आणि तुम्ही उठून गेलात.

ते मी कथेत घातलं, आबा. तुम्हाला न विचारता. मुक्ताला तहाचा मेसेज आल्यावर घरचे मेसेज यायला लागतात, तिच्या सहा वर्षांच्या मुलीचे, मुक्ता निघाल्यावर पहिल्या काही महिन्यांत पाठवलेले, आणि मुक्ताला माहितीये की ती मुलगी आता अठरा वर्षांची आहे पण आवाज सहा वर्षांचाच येतोय, आणि ती विचारतेय तुला थंडी वाजते का. कथा पूर्ण झाली तेव्हा ते पान काढून टाकावं का म्हणून दोन आठवडे फिरत होते. शेवटी तुमच्यासमोर बसून वाचलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मी मनात म्हटलं झालं, उद्यापासून जिन्यातलं "बरंय ना" पण बंद. मग तुम्ही म्हणालात, "पाय नाही, गुडघा. उजवा." मी पेनने तिथेच दुरुस्त केलं. परवानगी तुम्ही अशी दिलीत. त्याबद्दल मी काय आभार मानणार, कुठल्या शब्दांत मानतात हे, मला येत नाही.

शेवटही तुमचाच. आधी मुक्ता परत येते आणि मुलगी धावत येऊन मिठी मारते असं होतं. जाऊन-येऊन पृथ्वीवर चोवीस वर्षं जातात, पण एवढ्या वेगात घड्याळ हळू चालतं म्हणून यानात साडेतीनच्या आत, म्हणजे अठ्ठावीसची गेलेली आई बत्तिशीच्या आत परत येते आणि मुलगी तिशीची. जवळजवळ बहिणी. तुम्ही तुमची एप्रिलमधली रजा सांगितलीत, घरी पोचल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं, पेढे वाटले, पण आई बसायची त्या उंबऱ्यापाशी आता धाकट्या भावाची बायको बसत होती आणि "घरात मी कुठं बसायचं तेच कळंना." अन् जो शकरगडचा मुलूख घेतला होता तो सिमला करारानंतर परत दिला. त्याचं तुम्हाला वाईट वाटत नाही, जमीन तिथल्या शेतकऱ्याचीच होती म्हणालात. ते वाक्य मी कथेत नाही घातलं. ते तुमचंच राहू दे.

तर आता मुक्ता दारात उभी राहते, मुलगी दार उघडते, आणि विचारते कोण हवंय. ओळखते ती नंतर, पण आत आल्यावर मुक्ताला कुठल्या खुर्चीत बसायचं ते कळत नाही. तिथे थांबवलंय.

संपादकांनी कथा घेतली. त्यांचं म्हणणं लढाई अजून दोन पानं वाढवा, वाचकाला ॲक्शन लागते. मी नाही म्हणून कळवलंय. पेटलेल्या रणगाड्यातून नाही म्हणणाऱ्याची गोष्ट ऐकल्यावर एका ईमेलला नाही म्हणायला फार काही लागत नाही, तरी हात थांबला होता थोडा, खोटं कशाला सांगू.

अंक आला की वर येऊ नका, तुमचा उजवा गुडघाही आता तुमच्या आईसारखाच झालाय, मीच खाली घेऊन येते, आणि कथेची मोठ्या अक्षरातली प्रिंट वेगळी काढलीये, भिंग लागणार नाही. पेन्सिल मात्र तयार ठेवा.

तुमची वरच्या मजल्यावरची

रविवार, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. वेळ टाकलीये, आबा.