सिगारेटच्या दृश्याला पट्टी लागते, आमच्या आजाराला का नाही?

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: चित्रपटांतील मानसिक आजारांचे चित्रण आणि त्यापायी आमच्यावर आलेली घर सोडण्याची वेळ

महोदय,

सादर नमस्कार. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून पाल्हाळ न लावता सांगते. माझ्या नवऱ्याला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य असा मानसिक आजार. या महिनाअखेर आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतोय आणि घरमालकीणबाई तो पुढे वाढवायला तयार नाहीत. कारण विचारलं तर त्यांनी एका सिनेमाचं नाव घेतलं. सिनेमाला प्रमाणपत्र देणारं सेन्सॉर बोर्ड आपल्या मंत्रालयाखाली येतं, म्हणून आपल्याला तसदी देते आहे.

घरमालकीणबाई मूळच्या कुंभकोणमकडच्या. सगळी बिल्डिंग त्यांना मामी म्हणते. आयुष्य डोंबिवलीत गेलंय, भाजीवाल्याशी घासाघीस अस्सल मराठीत चालते, पण रात्रीचा टीव्ही तमिळच. बाई वाईट अजिबात नाहीत. घर घेताना माझ्या नवऱ्यानं स्वतःच आजाराचं सांगून टाकलं होतं. नंतर कुणाकडून कळायला नको, हा त्याचा खाक्या. तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "आमच्या मिस्टरांना शुगर होती, तुला हे. गोळ्या वेळेवर घे म्हणजे झालं." इतकं शहाणं वाक्य मी अनेक डॉक्टरांकडूनही ऐकलेलं नाही.

त्याच मामी परवा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तो मुलगा किती चांगला होता गं. बायकोवर किती जीव. आणि शेवटी काय झालं बघ." मला आधी वाटलं, कुणा नातेवाइकाबद्दल बोलतायत. त्या सिनेमातल्या धनुषबद्दल बोलत होत्या. बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत लागली होती. नवरा ओट्याशी भेंडी चिरत होता आणि मामी त्याच्या हातातल्या सुरीकडे बघत होत्या. "सुट्टीत नातवंडं येतात माझी," एवढं बोलून त्या गेल्या.

सिनेमाचं नाव '३', तमिळमध्ये 'मूनु'. मार्च २०१२ मध्ये आलेला. रजनीकांतच्या मुलीनं, ऐश्वर्यानं दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. हीरो तिचा तेव्हाचा नवरा धनुष, हिरॉईन श्रुती हासन. आपल्याला 'कोलावेरी डी' नक्की आठवत असेल. सिनेमा यायच्या चार महिने आधी ते गाणं देशभर वाजत होतं. आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टीनंही वाजवलं. ज्यांना तमिळचा त कळत नव्हता ते नाचले, मीही नाचले. त्या गाण्यामागे कसली गोष्ट आहे, याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती.

मामी गेल्यावर त्या रात्री मी तो सिनेमा मोबाईलवर पाहिला. अन्याय करायचा नाही म्हणून आधी चांगलं सांगते. पूर्वार्धातलं शाळेतलं प्रेम गोड आहे. धनुषनं काम जीव ओतून केलंय. आजाऱ्याला हास्यास्पद केलेलं नाही, आणि आपल्या सिनेमांच्या मानानं हेसुद्धा पुष्कळ झालं. पण उत्तरार्धात राम, म्हणजे धनुष, बायपोलरनं आजारी पडतो आणि आजाराचं भूत होतं. नसलेली माणसं दिसू लागतात, त्याच्या रूपानं घरात धोका वावरू लागतो, आणि शेवट आत्महत्येत. बायपोलरच्या तीव्र झटक्यात काहींना भास होतात, हे मला माहीत आहे. पण आजार म्हणजे तेवढंच, बाकी काही नाही, असं बघणाऱ्याला वाटावं अशीच ती रचना आहे.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते निराळंच. मित्र सेंथिल रामला डॉक्टरकडे नेतो, पण बायकोला काही कळू देत नाही. तिला सगळं कळतं ते तो गेल्यावर. मंत्रिमहोदय, रहस्यपट चालायचा तर बायकोला काही माहीत नसणं सोयीचं असतं. खऱ्या घरात बायकोलाच सगळ्यात आधी कळतं. झोपेवरून कळतं. माणूस रात्री तीनला उठून माळा आवरायला घेतो, पाचला अंघोळ करून शीळ घालत चहा टाकतो आणि म्हणतो, "आज काय फ्रेश वाटतंय!" बाकीच्या बायका असं ऐकून सुखावतात, मी डॉक्टरांना फोन लावते. पुढच्या आठवड्यात तो काय करू शकतो हे मला माहीत असतं. एकदा त्यानं बोहारणीच्या दुकानाला पुरतील इतके स्टीलचे डबे विकत आणले होते. एकदा प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून मित्राच्या धंद्यात घातले. तो मित्रही गेला आणि पैसेही गेले. नंतर उतरणीचे दिवस येतात, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि दात घासणंसुद्धा डोंगराएवढं होतं. या सगळ्यात त्यानं माझ्या अंगाला कधी बोट लावलेलं नाही. या आजारात धोका असतो तो बहुतेक वेळा आजाऱ्याच्याच जिवाला, शेजारच्या नातवंडांना नव्हे.

आणि त्यावर औषध आहे. लिथियम. जुनं, स्वस्त आणि जीव वाचवणारं. त्यानं आत्महत्येचा धोका कमी होतो, हे जगभर मान्य झालेलं आहे. पण हे औषध सांभाळावं लागतं. रक्तातली पातळी बघायची, थायरॉईड बघायचं, किडनी बघायची. मीठपाणी कमी झालं की पातळी वर जाते, म्हणून आमच्याकडे कडक उपास बंद. मे महिन्यात जुलाब लागले तरी माझ्या पोटात गोळा येतो. कप धरला की त्याचा हात थोडा थरथरतो, म्हणून तो चहा बशीत न ओतता मगमध्ये पितो. हे सगळं पडद्यावर दाखवलं तर तिकीट कोण काढणार, कबूल आहे. मगमधल्या चहाला पार्श्वसंगीत देता येत नाही.

तमिळ सिनेमाला तरी एकट्याला काय बोलायचं? 'सेतु' १९९९ चा. त्यातला डोक्याला मार लागून वेडा झालेला नायक साखळदंडांत अडकतो. पुढे त्याचाच हिंदीत 'तेरे नाम' झाला आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी सलमानसारखा मधून भांग पाडला. भांग सगळ्यांना आठवतो, साखळदंड कुणालाच नाही. 'सेतु' येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्याच तमिळनाडूत एर्वाडीला, ६ ऑगस्ट २००१ रोजी, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली. त्यांना पळता येत नव्हतं, कारण बांधून ठेवणं हाच तिथला उपचार होता. तो पडद्यावरचा साखळदंड नव्हता. सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली, समित्या बसल्या, अहवाल आले. आणि सिनेमावाले? चेन्नईत सिनेमावाल्यांच्या कोडंबक्कमपासून किल्पॉकचं सरकारी मनोरुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे, ती संस्था १७९४ पासूनची आहे. आजार जाणणारी माणसं भेटायला परदेशी जायची गरज नव्हती.

आता तुमच्या खात्याकडे वळते. पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली इशाऱ्याची पट्टी येते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरानंतर फुप्फुसांच्या जाहिराती येतात. दारूची बाटली दिसली की पट्टी. घोडा, कुत्रा पडद्यावर यायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला लागतो. चांगलंच आहे, घोड्याचं माझं काही वाकडं नाही. पण बायपोलर असलेला माणूस पडद्यावर येतो तेव्हा त्याच्या बाजूनं कुणाचा दाखला लागतो? कुणाचाच नाही. तुमच्या प्रमाणनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत मतिमंद-अपंगांची टिंगल करू नये असं कलम आहे. म्हणजे आमच्यावर हसायला बंदी आहे, आम्हाला भ्यायला मात्र मोकळीक. २०२३ ला तुम्ही सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती केलीत, पालकांच्या देखरेखीत बघायच्या यूए प्रमाणपत्राचे वयाप्रमाणे सात, तेरा आणि सोळा असे तुकडे केलेत. मामी सत्तरीच्या आहेत. त्यांना कुठल्या खणात टाकणार?

आणि सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा खटल्यात सांगितलंच आहे ना, की अपंगत्व आणि आजार दाखवताना वैद्यकीय माहिती तपासून घ्या, ज्यांच्याविषयी बोलताय त्यांना विचारा, रूढ साचे वापरू नका? कोर्टानं सांगितलं, वर्तमानपत्रात आलं, आणि फाईल बंद? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हेही दिव्यांगत्व धरलंय, हे तुमच्या मंडळातल्या किती सदस्यांना माहीत असेल, याची मला शंका आहे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचं स्वतःचं वचन. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ३०. सरकारनं या कायद्याची माहिती टीव्ही, रेडिओ, छापील आणि ऑनलाइन माध्यमांतून ठरावीक काळानं सर्वदूर पोहोचवायची आणि आजाराभोवतीचा कलंक घालवायचे कार्यक्रम आखून, पैसे देऊन राबवायचे. माध्यमं कुणाकडे आहेत? तुमच्याकडे. आकाशवाणी तुमची, दूरदर्शन तुमचं. मी संध्याकाळी टीव्ही लावते तर योजनांच्या जाहिरातींत नेत्यांचे हसरे चेहरे असतात, पण हा कायदा काय म्हणतो हे सांगणारी एक जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर तुमच्या सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फुकट आहे, मराठीतही बोलतात. उत्तम. मला तो कसा कळला माहीत आहे? केमिस्टकडे एका पिशवीवर छापलेला होता.

बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये सर्वेक्षण केलं. प्रौढांमधल्या दहात एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार. पंधरा कोटी लोकांना मदतीची गरज, म्हणजे २०११ च्या जनगणनेतला अख्खा महाराष्ट्र आणि वर आणखी पावणेचारेक कोटी. बायपोलर असलेल्या दहांतल्या सातांना उपचारच मिळत नाहीत. लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. आकडा इकडेतिकडे झाला असेल तर खात्याच्या माणसांना तपासायला सांगा, तेवढं तरी काम होईल.

तो कायदा आणखीही पुष्कळ काही म्हणतो. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत अत्यावश्यक यादीतली औषधं फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. लिथियम त्या यादीत आहे. आमच्या भागातल्या सरकारी खिडकीवर मला "संपलंय, बाहेरून घ्या" हेच ऐकायला मिळतं. कलम २१ म्हणतं, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच धरायचं. विमा नियामकानं २०१८ मध्ये सांगितलं, २०२२ मध्ये परत सांगितलं. आमच्या विमा कंपनीनं गेल्या वर्षीचं रुग्णालयाचं बिल नाकारताना लिहिलं, "पूर्वीपासून असलेला आजार, माहिती दिलेली नाही." माहिती दिलेली होती. फॉर्मची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तक्रार केली तर उत्तरात तक्रारीचा नंबर आला. त्या नंबराबद्दल विचारलं तर नवा नंबर आला.

इथे कुणीतरी म्हणेल, बाई, तुम्ही सिनेमावरून विम्यावर कुठे गेलात. मी कुठेही गेलेले नाही. घरमालक करार तोडतात, विमा कंपनी बिल तोडते, नणंदेच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न "मामांना काय झालंय हो?" या प्रश्नावर तुटतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यात तेच चित्र असतं. ते चित्र बघून बघून पक्कं झालेलं आहे. ते पुसायची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर टाकली आहे, आणि तुम्ही ती आमच्यासारख्या बायकांवर ढकलली आहे, दारात उभं राहून एकेका मामीला समजावत बसण्याची.

मला '३' वर बंदी नको आहे. बंदी घालायला तुमच्या खात्याला कधी कुणी सांगायची गरज पडत नाही. मला एवढंच हवं आहे. ज्या सिनेमात नाव घेऊन मानसिक आजार दाखवलाय, तो टीव्हीवर किंवा ओटीटीवर लागताना आधी, मध्ये आणि आत्महत्येच्या दृश्याला खाली १४४१६ ची पट्टी असावी, सिनेमाच्या भाषेत. अशा सिनेमाच्या तपासणी समितीत एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक रुग्ण किंवा त्याच्या घरचं माणूस असावं. मानधन नको, चहा दिलात तरी चालेल, मगमध्ये द्या. आणि कलम ३० वर आजवर किती पैसे मंजूर झाले आणि किती खर्च झाले, हे जाहीर करावं. शून्य असेल तर शून्य लिहा.

कळावे,
एका रुग्णाची बायको,
डोंबिवली (पूर्व)

प्रत माहितीसाठी:
आरोग्य मंत्रालय, नवी दिल्ली (विषय सिनेमाचा असल्यानं ते हे पत्र आपल्याकडे पाठवतील)
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई (विषय आजाराचा असल्यानं ते हे पत्र आरोग्य मंत्रालयाकडे पाठवतील)
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन (ते पोच देतील)