वसईच्या ताईंना, आडनावातल्या एका चिन्हाबद्दल

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई. आडनावाचा विषय मात्र टाळता येत नाही, कारण सगळं सुरू झालं ते तिथूनच.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. देवगडात काढणी ऐन जोरात, शेडमध्ये पाच डझनी पेट्या भरणं चाललेलं, आणि तुमचा फोन आला. ऑर्डर जात नाही, पानावर इंग्रजीत काहीतरी एरर येतोय. माझ्या एका हातात पेंढा, फोन मानेत धरलेला. तुमच्याकडच्या डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा मंडळींच्या आडनावात इंग्रजीत डी नंतर वर स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं ना, ते आमच्या साइटला पचत नाही हे मला ठाऊक होतं. गोव्याच्या गिऱ्हाइकांना सांगायचो तेच तुम्हालाही सांगितलं: "ते चिन्ह काढा, आडनाव सलग लिहा, जाईल." गेली. मी विसरूनही गेलो.

संध्याकाळी तुम्ही पुन्हा फोन केलात. "दादा, माझ्या नुसत्या आडनावानं तुमची साइट मोडते, तर मुद्दाम मोडायला येणाऱ्याला किती वेळ लागेल?" मला वाटलं, काहीतरी विकायचं असणार. (तसे फोन हंगामात फार येतात.) पण तुम्ही म्हणालात, "मी स्वतः काही करून बघितलेलं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरणं आयटी कायद्यात बसत नाही. साइट तुमची, टाइप तुम्हीच करा."

केलं. ॲडमिनच्या लॉगिनला युजरच्या रकान्यात ॲडमिन, त्याला चिकटून तुमच्या आडनावातलं ते चिन्ह, मग दोन आडव्या रेघा. पासवर्ड काहीही चालेल म्हणालात, मी आमच्या कुत्र्याचं नाव घातलं. काही झालं नाही. मी जरा खूश झालो. "रेघांनंतर स्पेस दिलीत का?" दिली. आणि समोर सात हंगामांची यादी उघडली. नावं, पत्ते, मोबाइल. कुणी लिहिलेलं, "आईला सरप्राइज आहे, आधी फोन करू नका." कुणी लिहिलेलं, "दुपारी घरी कुणी नसतं." ते दुसरं वाचून पोटात गोळा आला.

मग तुम्ही समजावलंत तेही माझ्याच धंद्यातलं उदाहरण घेऊन. मी गड्याला चिठ्ठी पाठवतो: "अमक्याची पेटी काढ." अमक्याची जागा गिऱ्हाइकाला भरायला दिली आणि त्यानं लिहिलं, "कदमांची, आणि उरलेल्याही सगळ्या", तर गडी काय करील? त्याला चिठ्ठी एकच दिसते, माझे शब्द कुठे संपले ते कळत नाही. साइटही डेटाबेसला, म्हणजे सगळी माहिती ठेवलेल्या कोठाराला, अशाच चिठ्ठ्या पाठवते. ते चिन्ह म्हणजे माझे शब्द संपल्याची खूण, आणि ती खूण आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली. दोन रेघा म्हणजे "पुढचं वाचू नकोस". पासवर्डची विचारणा त्या पुढच्या भागात होती. त्या चिठ्ठ्यांची भाषा एसक्यूएल, म्हणून याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात आणि 1998 च्या डिसेंबरात हे छापूनसुद्धा आलंय, हे ऐकून तर मी गप्पच झालो. तेव्हा आमच्याकडे पेट्यांचे हिशेब वहीत होते!

साइट करून देणारा मुलगा ओळखीचा. तो म्हणाला, त्या चिन्हावर बंदी घालू, दोन मिनिटांचं काम. तुम्ही हसलात. एक तर आडनाव माझं आहे, म्हणालात. आणि दुसरं, ऑर्डर बघायच्या पानाच्या पत्त्यात शेवटी 412 असा आकडा येतो, त्यापुढे "किंवा एक बरोबर एक" (जे नेहमीच खरं असतं) एवढं इंग्रजीत जोडलं तरी सगळ्यांच्या ऑर्डरी दिसतील, तिथे ते चिन्ह लागतच नाही. त्यानं करून बघितलं. दिसल्या.

"आपल्यासारख्या लहान साइटकडे कोण बघतंय" हे त्याचं आणि माझं दोघांचंही मत. तुम्ही म्हणालात, माणूस बघतच नाही, फुकटात मिळणारे प्रोग्राम रात्रंदिवस दारं ठोकत फिरतात. वर इंग्लंडच्या टॉकटॉक या फोन-इंटरनेट कंपनीची गोष्ट सांगितलीत: 2009 मध्ये विकत घेतलेल्या धंद्याबरोबर आलेली जुनी पानं तशीच राहिली, 2015 मध्ये त्याच वाटेनं 1,56,959 ग्राहकांची माहिती गेली आणि 4 लाख पौंड दंड बसला. आमचंही पहिल्या हंगामातलं बुकिंगचं पान अजून जिवंत होतं. मी विसरलो होतो, इंटरनेट विसरलं नव्हतं.

होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या मशीनवर साइट राहते ते, पीएचपी (साइट ज्या भाषेत लिहिली आहे ती) नवी घ्या म्हणून मेल पाठवायचे, आणि बदललं की साइट बंद पडते म्हणून आम्ही 5.6 ला धरून बसलेलो. त्या आवृत्तीची देखभाल 2018 संपताना थांबली होती. बंद का पडायची? तर साइट डेटाबेसशी ज्या जुन्या पद्धतीनं बोलायची, तीच 7.0 पासून काढून टाकलेली. तुम्ही तीन रविवार त्या मुलाबरोबर फोनवर बसलात. आता हुकूम आधी ठरतो, गिऱ्हाइकाचे शब्द मागून वेगळ्या पाकिटात जातात, त्यात काहीही लिहिलेलं असो, ते नाव म्हणूनच वाचलं जातं. डेटाबेसच्या खात्याचे नको ते अधिकार काढले, एरर पानावर दिसणं बंद केलं, ते जुनं पान पुसलं. त्या मुलाला एकदाही घालूनपाडून बोलला नाहीत. मी बोललो होतो, त्याची माफी मागितली आहे.

फीचा विषय काढला तर रागावलात. आंब्याचे पैसेही आगाऊ भरलेत, त्यामुळे हे पत्र.

तुमच्या दोन पेट्या काल निघाल्या. लेबलावर आडनाव चिन्हासकट छापलंय, मी चष्मा लावून तपासलं. फळ अजून कडक आहे. पेंढ्यातच राहू द्या, फ्रिजमध्ये नको, आणि वास सुटला की वरच्या थरातली आधी काढा.

आपला,
देवगडचा आंबेवाला