मिरजेच्या पेंटर मामांस, त्या २२ सेकंदांबद्दल

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

तुमचे नाव असे जाहीर लिहिलेले तुम्हाला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. परंतु आमच्या द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला तुमच्यामुळे जो रंग चढला, त्याबद्दल चार माणसांत आभार मानल्याखेरीज मला राहवत नाही.

बागायतदारांना हे सांगायला नको की फवारणीचा ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नि मडगार्डवर हंगामामागून हंगाम बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) उडत राहिले की त्यातला मोरचूद पत्रा खात जातो आणि मूळ रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. वेलींची खरड छाटणी उरकल्यावर, मे महिन्यात, हा रंग घरीच फवारावा असे आम्ही ठरवले. शहरातल्या एका मोठ्या दुकानात सिंथेटिक इनॅमल घेताना तो पातळ करायला कोणते थिनर लागेल हे मी स्पष्ट विचारले होते. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मानही वर न करता एन. सी. थिनरचा, म्हणजे लॅकर रंगासाठीच्या थिनरचा, डबा पुढे सरकवला आणि ‘सगळी थिनरं सारखीच’ असे वर ऐकवले. त्या जहाल थिनरने खालचा जुना रंग मऊ पडून फुगला आणि बॉनेटभर सुरकुत्या उठल्या. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा दोष आमच्या कॉम्प्रेसरचा ठरला! एका वर्कशॉपला एवढ्याशा ट्रॅक्टरसाठी जागा अडवायची नव्हती, तर एका जाणकाराने रंगात सरळ पेट्रोल ओतायला सांगितले. हवेत उडणाऱ्या पेट्रोलच्या तुषारांना एक ठिणगी पुरते, याची त्यांना फिकीर नसावी.

तुम्ही डब्याचा नुसता वास घेतलात आणि ‘हे ठेवा बाजूला, साधं मिनरल टर्पेंटाइन आणा’ एवढेच म्हणालात. आधीच्या दुकानदाराला नावे ठेवली नाहीत, आम्हालाही हसला नाहीत. इनॅमल केवळ थिनर उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होते, म्हणून दुसरा हात एकतर पहिला चिकट असतानाच द्यावा, नाहीतर तो पुरता कडक झाल्यावर. मधल्या अवस्थेत दिला तर रंग पुन्हा उठतो, हे तुम्ही ज्या सहजतेने सांगितलेत, ते मला त्याआधी कोणीही सांगितले नव्हते.

पण माझ्या मनात घर करून राहिला आहे तो तुमचा कप. तळाला बारीक भोक असलेला, १०० मिलिलिटर मापाचा तो चार नंबरचा फोर्ड कप, म्हणजे रंग गळून जायला किती सेकंद लागतात त्यावरून त्याचा पातळपणा मोजायचे भांडे, तुम्ही स्वतः न वापरता माझ्या हातात दिलात आणि घड्याळ मात्र तुम्ही धरलेत. मी भोकावरचे बोट काढायचे, धार तुटली की ‘बस’ म्हणायचे, तुम्ही सेकंद सांगायचे, मग जरासे टर्पेंटाइन आणि पुन्हा तेच. दाराशी एक टेम्पोवाला खोळंबला होता, त्याच्याकडे तुम्ही एकदाही पाहिले नाहीत. माप जमले तेव्हा रंगाच्या डब्याच्या झाकणावर मार्करने ‘२२, सकाळी’ असे लिहून दिलेत. त्यातल्या ‘सकाळी’चे मोल मला घरी कळले. उन्हाने रंग आपोआप पातळ होतो, त्यामुळे सकाळचे माप दुपारी खोटे ठरते. शिवाय भर उन्हात तुषार पत्र्यापर्यंत पोहोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो.

मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा जिल्हावासीयांना अभिमान आहेच. पण त्याच गावात ट्रॅक्टरच्या पत्र्यावर तितक्याच निगुतीने काम करणारे हात आहेत, त्यांची दखल कोण घेणार? आपली विद्या गिऱ्हाइकाच्या हाती गेली तर धंदा बुडेल, अशी भीती बाळगणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही ती विद्या दिलीत, आणि मी पाकीट काढले तेव्हा फक्त आधीच्या रंगाच्या घासकामाचे पैसे घेतलेत.

बॉनेट आता गुळगुळीत आहे, कुठेही ओघळ नाही. चाकांच्या रिमा तेवढ्या राहिल्या आहेत. त्यांना ॲल्युमिनियम पेंट मारायचा आहे. त्यालाही हेच माप चालते का, हे विचारायला येत्या आठवड्यात येतो.

आपला ऋणी,
तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार