हाडाचा दगड कसा होतो, ते मुलांना कधी सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत मुलांच्या 'डायनासोर खोदा' शिबिरांचं कौतुक वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. मुलांनी हाताने करून शिकावं हे शंभर टक्के मान्य. पण तिथे हाताने नक्की काय करतात ते एकदा जाऊन बघा.

गेल्या मे महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलाला अशाच एका शिबिरात घातलं होतं. दोन तासांचे ९०० रुपये. प्रत्येकाला प्लास्टरची एक वीट, छोटी हातोडी आणि ब्रश. ब्रशला कुणी हातही लावला नाही, दहा मिनिटांत सगळ्यांनी विटा फोडल्या, आतून प्लास्टिकचा हिरवा टी-रेक्स निघाला, फोटो काढले, झालं शिबिर. माझ्या मुलाने तिथल्या दादाला विचारलं, हाडाचा दगड कसा होतो? तर तो म्हणाला, "खूप वर्षं पुरलं की होतो, चल फोटोला उभा राहा." येताना स्कूटरवर मागे बसून याचं सुरू, मग सोसायटीच्या मागे पुरलेल्या आपल्या बोक्याचा पण दगड होणार का? मला उत्तर येत नव्हतं आणि मी त्यालाच गप्प बस म्हणाले, याचं अजून वाईट वाटतं.

मग स्वतः वाचलं आणि घरीच केलं. गणपतीची शाडू माती उरली होती, ती थापली, गुहागरहून आणलेल्या शिंपल्याला तेलाचं बोट लावून तो दाबला, उचलला आणि खळग्यात प्लास्टर ओतलं. अर्ध्या तासाने माती सोडवली तर शिंपल्याची एकन् एक रेघ प्लास्टरवर. "शिंपला नाही तरी आकार राहिला," हे तो स्वतःच म्हणाला, मी सांगितलं नाही. भांडी घासायचा स्पंज हाडासारखा कापून मिठाच्या दाट पाण्यात भिजवला आणि खिडकीत ठेवला, वाळल्यावर कडक झाला. हाडाच्या बारीक छिद्रांत पाण्याबरोबर खनिजं शिरतात आणि तिथेच बसतात, हे त्याला तो स्पंज दाबून बघताना कळलं. बोक्याचंही उत्तर मिळालं, पटकन गाळाखाली गाडलं गेलं आणि खनिजाचं पाणी मुरत राहिलं तरच, नाहीतर बहुतेक हाडं कुजूनच जातात.

शेवटी आईची जुनी साडी अंथरली, टेपने ४६० सेंटीमीटर मोजले. पृथ्वीचं वय साधारण ४६० कोटी वर्षं, म्हणजे एका सेंटीमीटरला एक कोटी. साडीचं शेवटचं टोक म्हणजे आज. डायनासोर येतात ते त्या टोकापासून २३ सेंटीमीटरवर आणि संपतात साडेसहाच्या आसपास. माणसाची ३ लाख वर्षं शोधायला तो नाक टेकवून बसला, ती निघाली त्या टोकाच्या अगदी शेवटच्या दोऱ्यात. आणि तुमच्या कालच्या पानावरच्या चित्रात गुहेतला माणूस भाला घेऊन डायनासोरच्या मागे धावतोय! आमच्या साडीवर त्या दोघांमध्ये जवळपास साडेसहा सेंटीमीटर रिकामं कापड आहे हो. मुलांच्या पानावर तरी कुणी तपासून बघत नाही का?

आणि सारखा टी-रेक्सच कशाला, तो तर उत्तर अमेरिकेतला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळालीत, त्यांच्या शेणाचे दगड मिळालेत, आणि त्यातल्या गवताच्या कणांवरून २००५ साली कळलं की त्यांच्या काळात गवत होतं. शेणाचं ऐकून आमच्याकडे दोन दिवस हसणं चाललं होतं, पण विसरला नाही तो. पुण्याचा कातळ लाव्हाचा, म्हणून इथे टेकडीवर हाडं सापडत नाहीत, हे सांगायला मुलांना वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीपाशी नेऊन लाव्हाचे थर दाखवले तरी पुरे, त्याला ९०० रुपये लागत नाहीत. आता टेकड्यांच्या पायथ्याशी रात्री राडारोड्याचे ट्रक रिकामे होतात, दगड दिसायच्या आधी फुटक्या टाइल्स दिसतात, त्यावरही एकदा नीट छापा.

पण आधी ते चित्र पुढच्या रविवारी दुरुस्त करून द्या. पेपर आला की आमच्याकडे पहिल्यांदा तेच पान उघडलं जातं.

— एक आई, कोथरूड, पुणे