डिस्कवरचे फोटो परत मिळवण्याविषयी मित्रास पत्र

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पेन ड्राइव्हऐवजी उबुंटू या संगणक प्रणालीची फाइल तुझ्या 1 टीबीच्या डिस्कवर लिहिली गेली, हे कळल्यापासून जिवाला स्वस्थता नाही, कारण शनिवार पेठेतला तुमचा वाडा पाडण्यापूर्वी काढलेले सगळे फोटो तिच्यावरच आहेत. ती डिस्क आधी काढून ठेव. संगणक फॉरमॅटविषयी विचारेल, त्याला होकार देऊ नकोस आणि दुरुस्ती म्हणून विंडोजचा चेकडिस्क हा प्रोग्रॅम तर मुळीच चालवू नकोस.

ज्या जागेवर नवे लिहिले गेले, तिथले जुने कोणालाही परत आणता येत नाही. तसे आश्वासन देऊन पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नकोस. मात्र ती फाइल सुमारे 6 जीबीची, म्हणजे डिस्कचा शंभरावा हिस्साही गेलेला नाही. अडचण एवढीच, की गेलेला भाग सुरुवातीचा आहे. विंडोजमध्ये एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाइलींची नावे आणि त्यांच्या जागा नोंदवणारा मुख्य तक्ता बहुधा 3 जीबीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे फोल्डरांची मांडणी बरीचशी गेली असे धरून चाल. बूट सेक्टरची, म्हणजे तो तक्ता कुठे आहे हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या भागाची, प्रत पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या विभागाच्या) अगदी शेवटी असते. टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशन शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ती सापडली, तर तक्त्याचे उरलेले तुकडे तरी वाचता येतील.

माझी खरी भिस्त फोटोरेकवर आहे. जेपीईजी फोटो एफएफ डी8 एफएफ या बाइटांनी सुरू होतो आणि ती खूण शोधत हा प्रोग्रॅम तक्त्याशिवायही फोटो वेचतो. फाइलींची जुनी नावे मिळणार नाहीत, पण कॅमेऱ्याने फोटोतच नोंदवलेली तारीख-वेळ शाबूत राहते, तिच्यावरून क्रम लावता येईल. तुकड्यातुकड्यांनी साठवलेले काही फोटो अर्धेच उघडतील: वर माडीचा कठडा स्वच्छ आणि खाली नुसता राखाडी पट्टा. तेही टाकून द्यायचे नाहीत.

हे सगळे मूळ डिस्कवर नव्हे, तिच्या प्रतीवर करायचे. तपकीर गल्लीतून 2 टीबीची नवी डिस्क घे आणि रविवारी सकाळीच माझ्याकडे ये. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत काढायलाच तीनेक तास लागतील, तेव्हा जेवायला इथेच थांब. कॅमेऱ्याचे त्या वेळचे कार्ड अजून वापरात असेल, तर त्यावर यापुढे एकही फोटो काढू नकोस आणि तेही सोबत आण.

तुझा,
अविनाश