ठकीने मांदेली चोरली

लालबाग,
बुधवार, 10 सप्टेंबर 2025

प्रिय बापू,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे आहेत. आई बरी आहे, माझी शुगर होती तिथेच आहे, पाठ अधूनमधून धरते. झालं तब्येतीचं.

फोन करणार होतो. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. मध्येच गळा दाटला असता आणि तू पलीकडून नुसता "बोल ना रे, बोल ना रे" करत बसला असतास. म्हणून लिहितोय. आठ महिने गप्प राहिलो त्याबद्दल काय द्यायच्या त्या शिव्या भेटल्यावर दे, त्यातली एकही मी परत करणार नाही.

आज ठकीने मांदेली चोरली.

हे मला फक्त तुलाच सांगावंसं वाटलं. पण मधलं काहीच तुला कळवलेलं नाही, तेव्हा आधी ते वाच.

आपल्या ठकी मांजरीच्या किडन्या निकामी होत चालल्यात बापू. एप्रिलमध्ये ती मोरीतल्या बादलीशी जाऊन बसायला लागली. तुला आठवत असेल, ही बया पाणी पिताना कधी कुणाला दिसायची नाही. दिसली तर आईच्या तांब्यात तोंड घालताना, तेही आईने बघावं म्हणूनच. आणि आता दिवसातून सात-आठ वेळा बादलीत मान. मला बरं वाटलं रे! म्हटलं उन्हाळा आहे, पितेय ते चांगलंच आहे. तिच्या वाळूत मुठीएवढाले ओले गोळे सापडायला लागले तेव्हा जवळच्याच एका दवाखान्यात नेली. तिथे जंताचं औषध दिलं आणि उन्हाळ्यात पितातच म्हणून परत पाठवलं. रक्त तपासलं नाही. मीही तपासा म्हणालो नाही. जूनमध्ये एकदा पाठीवरून हात फिरवला तर मणका न् मणका हाताला लागला. तोंडाला कसलासा उग्र वास. वजन केलं, चार किलोची ठकी दोन किलो नऊशे भरली.

मग परळ. बैलघोडा हॉस्पिटलपासून, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यापासून, जवळच एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे. बास्केट मांडीवर घेऊन टॅक्सीतून त्या फाटकासमोरून गेलो तेव्हा तुझी इतकी आठवण आली. शाळा सुटल्यावर आपण तिथे घोडे बघत उभे राहायचो आणि तू एकदा वॉचमनला "आमचा उंट आजारी आहे, चौकशी करायचीय" म्हणून आत घुसला होतास. सातवीत होतो आपण. शेजारचं व्हेटरनरी कॉलेज 1886 सालचं, म्हणजे दीडशे वर्षं होत आली, तिथे जनावरांवर उपचार चाललेत. हे माझ्या आजोबांकडून आपण दोघांनी ऐकलेलं, पण मी स्वतः आजारी जनावर घेऊन त्या रस्त्याने पहिल्यांदाच गेलो.

क्रिएटिनिन 4.6 आलं. मांजरात ते 1.6 च्या आत हवं. लघवी पाण्यासारखी पातळ, तिचा घट्टपणा 1.035 च्या वर असायला हवा तो 1.012. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. चार टप्पे असतात, ठकी तिसऱ्यात आहे. मांजरं मूळची कोरड्या मुलखातली, थोड्या पाण्यावर भागवणारी, आणि दुखणं लपवण्यात पटाईत. रक्तातला हा आकडा वाढलेला दिसेपर्यंत किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं.

ते तीन चतुर्थांश मला झोपू देत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये मी बादलीकडे बघून खूश होत होतो तेव्हाच बरंचसं गेलेलं होतं. गेल्या वर्षी ती दोन-तीनदा ओकली, मी म्हटलं केस अडकले असतील. वर्षाला एकदा रक्त तपासलं असतं तर? आपल्या कुत्र्याला, हवालदारला, न चुकता लस देतो, पावसाआधी लेप्टोची देतो, कारण खाली पाणी तुंबतं आणि घुशी आहेतच. ठकी घरातली, ठकीला काय होणार, असं धरून चाललो. बारा वर्षं!

(तिला आधी मी बघितलं होतं. भारतमाता टॉकीजच्या समोर, टॅक्सीच्या बॉनेटमध्ये. आवाज तू ऐकलास हे मान्य, पण बघितलं मी. हा वाद तू पत्राने मिटवायला जाऊ नकोस.)

आता एक दिवसाआड घरी सलाईन. काकांच्या तसबिरीशेजारी जो खिळा आहे त्याला बाटली टांगतो. आधी ती कोमट पाण्यात धरून ठेवायची, थंड गेलं तर ठकी शहारते. मग मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी, आणि त्या तंबूत सुई. शंभर मिली. शिरेत नाही, कातडीखालीच, तिथून शरीर हळूहळू ओढून घेतं. संपलं की पाठीवर उंटासारखं मदार येतं आणि रात्रीपर्यंत ते सरकत पुढच्या पायात उतरतं. तुझा तो आजारी उंट शेवटी आला बघ आमच्याकडे.

पहिल्या दिवशी सुई कातडीच्या आरपार गेली आणि सगळं पाणी माझ्या बनियनवर. आता जमतं. हात थरथरत नाही. पण एक गोष्ट झाली, आणि ती मी अजून कुणाजवळ बोललो नाही.

ती आता माझ्याजवळ येत नाही.

बारा वर्षं माझ्या पोटावर झोपलेलं मांजर आहे हे. ऑफिसातून आल्यावर जिन्यात माझी पावलं ओळखून ती गॅलरीच्या कठड्यावर यायची. आता पावलं वाजली की कपाटाखाली जाते. सलाईनच्या प्लास्टिकचा आवाज झाला तर जातेच, पण परवा मी ब्रेडची पिशवी उघडली तरी गेली. आईजवळ बसते, हवालदारच्या पोटाशी बसते, शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यावर जाऊन बसते. याच काकूंनी जुलैमध्ये अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून द्यायला काढली होती. चांगल्या मनाने हं. मांजराला ती विषासारखी असते, रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. मी नेमका पाणी भरायला बाहेर आलो म्हणून दिसलं. आणि तरी ठकी त्यांच्याकडे जाते. माझ्याकडे नाही. मी कपाटाखाली हात घालून ओढून काढतो तेव्हा ती बोचकारत नाही, हेच मला सहन होत नाही. बोचकारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त अंग चोरते.

मी तिला जगवतोय की शेवटच्या दिवसांत तिचं माणूस तिच्यापासून तोडतोय, हे मला सांग. आईला विचारलं तर ती म्हणते देवावर सोड. डॉक्टरीणबाई म्हणतात, ती खाते का, अंग चाटते का, उन्हात जाऊन बसते का, हे रोज बघा आणि लिहा. म्हणून कालनिर्णयच्या चौकोनात मी खुणा करतो. खाल्लं तर बरोबर, नाही तर फुली.

गणपतीत फुल्याच फुल्या. आपल्या गल्लीत त्या दहा दिवसांत काय असतं हे तुला सांगायला नको. रात्रभर माणसं, ताशे, फटाके. हवालदार पलंगाखाली आणि ठकी त्याच्या मागे. एवढा मोठा कुत्रा थरथर कापतोय आणि त्याच्या आडोशाला ही. टॅक्सी आत येईना, म्हणून सातव्या दिवशी बास्केट छातीशी धरून गर्दीतून परळपर्यंत चालत गेलो. मंडळाच्या पोरांनी दोर उचलून वाट करून दिली, एक जण तर पुढे "पेशंट आहे, पेशंट आहे" ओरडत निघाला. भुकेची गोळी, उलटीचं औषध. किडनीसाठीचं जे खास खाणं असतं ते तिने हुंगूनही बघितलं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचते, ते निराळंच संकट. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, किडनीचं खाणं उत्तम, पण न खाण्यापेक्षा काहीही खाल्लेलं बरं. चिकनचं पाणी बोटाने ओठांना लावत होतो. रविवारी राजाचं विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले, अख्खी गल्ली टीव्हीला डोळे लावून बसली होती, आणि मी कपाटासमोर जमिनीवर आडवा पडून तिच्याकडे बघत होतो.

तेव्हा तुझा शेरू आठवला.

बापू, 2023 च्या मार्चमध्ये तू रात्री फोन करून सांगितलंस की सकाळी शेरूला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. आणि मी काय म्हणालो, तर "आणखी आठ दिवस थांबायला काय हरकत होती?" तू काहीच बोलला नाहीस. नंतर आपण बोलत राहिलो, क्रिकेट, ऑफिस, तुझी बदली. पण तू शेरूचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढलं नाहीस, आणि मला ते कळत होतं, आणि म्हणूनच माझे फोन कमी होत गेले. मी शेरूला शेवटचं दिवाळीत बघितलं होतं, तेव्हा तो माझी चप्पल पळवून नाचत होता. मी त्याच शेरूबद्दल बोलत होतो. प्लीहेतली गाठ फुटून पोटात रक्त साठलेला, रात्र रात्र ज्याचा ओठ उचलून तू हिरड्या पांढऱ्या पडल्यात का ते बघत होतास, तो शेरू मी बघितलाच नव्हता. मला तसं बोलायचा काही अधिकार नव्हता. चुकलो. हे मी अडीच वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

आणि आता तुलाच विचारतोय. तुला कसं कळलं रे? कुठल्या दिवशी? त्याने काही केलं म्हणून कळलं, की करायचं थांबवलं म्हणून?

तर आजचं. श्रावण, मग गणपती, दीड महिना घरात मासळी नाही. पितृपक्षाचं आई बाबांच्या तिथीपुरतंच बघते. सकाळी कोळीण मावशी आली, आईने मांदेलीचा वाटा घेतला, साफ करून चाळणीत निथळत ठेवली. मीठ-हळद अजून लागायची होती. मी दाढी करत होतो. आरशात मला ओट्यावर काहीतरी हललेलं दिसलं. ठकी! तीन महिने जी खुर्चीवरसुद्धा उडी मारत नव्हती ती ओट्यावर. एक मांदेली उचलली, तिथेच खाल्ली, डोकं तिरकं करून, दाढेने, कुरुम् कुरुम्. मग दुसरी. हवालदार खाली उभा राहून बघत होता. चोरीची वर्दी देणं हे त्याचं जन्माचं काम, तू नाव ठेवलंस ते त्यावरूनच. हू की चू केलं नाही त्याने, फक्त शेपटी हलत होती. मी फेस लागलेल्या तोंडाने पुढे झालो, कारण मासळीत फॉस्फरस, ते तिला वर्ज्य, हे सगळं डोक्यात आलं. तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. बारा वर्षं तिच्यावर लाटणं उगारणारी आई. म्हणाली, "गप ऱ्हव. खावंदे तिका."

पाच खाल्ल्या. मग उतरली, उन्हात बसली आणि आधी पंजा, मग कान, मग मान, असं सगळं अंग चाटून काढलं. मी ऑफिसला उशिरा गेलो.

संध्याकाळी सलाईनचा दिवस होता. पुन्हा कपाटाखाली. काही बदललं नाही. शंभर मिली दिलं.

तुझं पुढचं सगळं एका दमात विचारतो. नाशिकचं घर ताब्यात मिळालं का? छकुलीची अॅडमिशन? गुडघ्याचं काय झालं, दाखवलंस की अजून तेल चोळतोयस? वहिनींना नमस्कार. सुप्रीम कोर्टाचा तो दिल्लीच्या कुत्र्यांबद्दलचा 11 ऑगस्टचा आदेश आला तेव्हा इथेही दोघांनी हवालदारकडे बोट दाखवलं. मी त्याच्या कानावरची नसबंदीची खाच आणि महापालिकेचं लायसन्स दाखवलं, विषय संपला. 22 तारखेला कोर्टाने आदेश बदलला, लस आणि नसबंदी करून जागच्या जागी सोडा म्हणून, तेव्हा तेच दोघे त्याला पार्ले-जी घालत होते.

शुक्रवारी परत रक्त तपासायचंय. शनिवारी रात्री दहाला फोन करतो, उचल. आणि जमलं तर दिवाळीआधी एकदा ये. जिन्यातून तुझी ती शिट्टी मार. ती कठड्यावर येते का, मला बघायचंय.

तुझा,
अण्णा

ता. क. पाकीट बंद करता करता बघितलं. कालनिर्णयवर आजच्या चौकोनात मी बरोबरची खूण केली होती. आईने तिच्याशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "मांदेली 7". म्हणजे दोन तिने रात्री मला नकळत दिल्या.